संस्थेच्या संकेतस्थळावर देणगीसाठी काय लावावे: क्यूआर, रेझरपे, गिव्हडब्ल्यूपी की दानामोजो?

देणगीच्या ऑनलाइन साधनांच्या ज्या याद्या इंटरनेटवर सापडतात, त्या बहुतेक अमेरिकेतील संस्थांसाठी लिहिलेल्या असतात आणि त्यांत डोनरबॉक्ससारखी नावे वरच्या क्रमांकावर दिसतात. फॉर्म देखणा, मांडणी सोपी, सगळे खरे. परंतु ही साधने मुख्यतः स्ट्राइप आणि पेपल या ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्यांच्या आधारावर चालतात. पेपलने भारतातील देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले आहेत आणि स्ट्राइपने २०२४ पासून भारतात निमंत्रणाशिवाय नवी खाती देणे थांबवले. म्हणजे बारामतीच्या देणगीदाराचे हजार रुपये बारामतीच्याच संस्थेच्या खात्यात जमा करायला हे साधन बहुधा उपयोगी पडणार नाही. म्हणून पुढील परीक्षण भारतात प्रत्यक्ष चालणाऱ्या पर्यायांपुरतेच आहे, आणि तेही ८०जी प्रमाणपत्र असलेल्या (म्हणजे ज्याच्या देणगीदारांना प्राप्तिकरात वजावट मिळते अशा), कार्यालयात दोन-तीन माणसे असलेल्या न्यासाच्या दृष्टीने केलेले आहे.

माझी कसोटी फॉर्मच्या रंगरूपाची नाही, तर मे महिन्याची आहे. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून संस्थेला वर्षभरातील देणगीदारांचे विवरण १०बीडी या नमुन्यात, वर्ष संपल्यानंतर ३१ मेपर्यंत प्राप्तिकर विभागाकडे दाखल करावे लागू लागले. उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क ठेवण्यात आले. ते दाखल झाले की पोर्टलवरून १०बीई प्रमाणपत्र मिळते, आणि देणगीदाराची वजावट त्यावर अवलंबून असते. त्यामुळे ‘आमच्याकडून ८०जी पावती आपोआप जाते’ या विक्रेत्यांच्या आवडत्या वाक्याचे मोल निम्मेच आहे. पावती गेली, पण पॅन चुकीचा नोंदला गेला असेल, तर देणगीदाराचा फोन जुलैमध्ये, विवरणपत्र भरताना हमखास येतो.

पॅनची रचना ठरलेली आहे: पाच अक्षरे, चार अंक, शेवटी एक अक्षर, त्यातील चौथे अक्षर व्यक्तीसाठी पी आणि न्यासासाठी टी असते. चांगला देणगी फॉर्म ही रचना तिथल्या तिथे तपासतो आणि शून्याच्या जागी ओ टाइप झाला तर पुढे जाऊ देत नाही. साधा फॉर्म त्या रकान्यात ‘नंतर कळवतो’ हेही मुकाट्याने स्वीकारतो. नावाचेही तसेच आहे. मराठी देणगीदार आपले नाव हौसेने देवनागरीत लिहितो किंवा आई-वडिलांच्या स्मरणार्थ त्यांचे नाव घालतो, पण विवरणात नाव पॅनवर असेल तसे लागते. ‘पॅनवरील नाव’ आणि ‘स्मरणार्थ’ असे दोन वेगळे रकाने देणारे साधन मी दोन गुण अधिक देऊन निवडीन.

या कसोटीवर यूपीआयचा नुसता क्यूआर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग ठरतो. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरील एमडीआर (पैसे घेणाऱ्याकडून व्यवहारामागे आकारले जाणारे शुल्क) शून्य आहे, त्यामुळे बँकेचा क्यूआर संकेतस्थळावर डकवला की शुल्काचा प्रश्नच मिटतो. परंतु खाते-उताऱ्यात येते ते फक्त एखादा यूपीआय आयडी, अर्धवट नाव आणि रक्कम. ज्या देणगीदाराचे नाव आणि पत्ता संस्थेकडे नाही, ती देणगी कायद्याने निनावी ठरते, आणि ठरावीक मर्यादेपलीकडील निनावी देणग्यांवर ३० टक्के कर आकारला जातो. गणेशोत्सवाच्या मंडपात क्यूआर ठीक आहे, कारण तिथे पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ता शेजारी बसलेला असतो. संकेतस्थळावर तो बसलेला नसतो.

रेझरपे या पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे स्वीकारून ते संस्थेच्या खात्यात जमा करणाऱ्या सेवेचे) पेमेंट पेज किंवा बटण हा मला बहुतेक लहान न्यासांसाठी योग्य वाटणारा पर्याय आहे. पान बनवायला प्रोग्रामर लागत नाही, नाव, पत्ता, पॅन, देणगीचा हेतू असे रकाने सक्तीचे करता येतात, ८०जी पावतीची सोय आहे आणि वर्षाअखेरीस सगळी यादी एक्सेलमध्ये उतरवता येते. प्रमाण दर देशांतर्गत व्यवहाराला २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असा आहे. म्हणजे १,००० रुपयांच्या देणगीतून २० रुपये शुल्क आणि ३ रुपये ६० पैसे कर वजा होऊन खात्यात ९७६ रुपये ४० पैसे येतात. पावती मात्र १,००० रुपयांचीच द्यावी लागते आणि फरक खर्चात दाखवावा लागतो. हे हिशेबनिसाला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर लेखापरीक्षणाच्या वेळी बँकेचा उतारा आणि पावत्या यांचा मेळ लागत नाही. हेतूचा रकाना जरूर ठेवावा, कारण १०बीडीमध्ये कायम निधी, विशिष्ट कामासाठीचे अनुदान आणि इतर असे वर्गीकरण आहे, आणि देणगीदाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय कोणतीही रक्कम कायम निधीत टाकता येत नाही.

खाते उघडताना न्यासाची घटना, धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचे प्रमाणपत्र, विश्वस्तांचे पॅन आणि संकेतस्थळावर अटी, गोपनीयता व परतावा यांची पाने मागितली जातात. हा नियम सर्वच गेटवेंचा आहे. देणगीचे परतावा धोरण काय असावे, यावर विश्वस्तांच्या बैठकीत तासभर चर्चा होऊ शकते, याची तयारी ठेवावी.

संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीवर असेल तर गिव्हडब्ल्यूपी हे प्लगिन, म्हणजे तिला जोडायची छोटी प्रणाली, मोहात पाडते. मूळ प्लगिन फुकट आहे आणि देणगीदारांची माहिती आपल्याच संकेतस्थळावर राहते. पण भारतीय गेटवे जोडायला वेगळी जोड लागते, गेटवेचे २ टक्के वेगळेच, आणि पॅनचा रकाना नीट बसवायला माहीतगार माणूस हवा. शिवाय प्लगिन वेळच्या वेळी अद्ययावत करणारे कोणी नसेल, तर हजारो लोकांचे पॅन आणि पत्ते असुरक्षित संकेतस्थळावर पडून राहतात. ज्या संस्थेचे संकेतस्थळ कोणा स्वयंसेवकाच्या पुतण्याने बनवून दिले आहे, तिने या वाटेला जाऊ नये.

दानामोजो ही केवळ स्वयंसेवी संस्थांसाठी बनवलेली सेवा असल्यामुळे तिला आपली भाषा समजावून सांगावी लागत नाही. ८०जी म्हणजे काय हे तिथे विचारले जात नाही. दर लेखी मागून घ्यावा आणि कार्यालयातील कारकुनाच्या वाचणाऱ्या तासांशी ताडून पाहावा. वर्षाला काही शे देणगीदार असतील, तर असा खर्च परवडू शकतो. पंचवीस-तीस असतील तर नाही.

परदेशी कार्डांबाबत मात्र कोणतेही साधन घेतले तरी सावध राहावे. एफसीआरए या परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी नसेल तर परकीय देणगी घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर ती प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. न्यू जर्सीतील मराठी माणसाकडे भारतीय पारपत्र असेल तर त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही; त्याच्याच शेजारी राहणाऱ्या, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या ओसीआयधारकाची (ओसीआय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे कार्ड) मात्र मानली जाते. फॉर्मवर हा फरक विचारणारा रकाना नसेल, तर गेटवेला सांगून आंतरराष्ट्रीय कार्डे बंदच ठेवावीत. त्याचा आणखी एक फायदा असा की, चोरलेली कार्डे चालतात का हे पाहण्यासाठी देणगीच्या पानांवर छोट्या रकमा टाकून पाहणाऱ्यांचा उपद्रवही बराच कमी होतो.