जुन्या पीसीवर व्हीपीएस: केव्हीएम की एलएक्ससी?

दारव्ह्याकडच्या एका पोरानं विचारलं: आठ जीबी रॅमचा जुना पीसी आहे, डेबियन लिनक्स टाकलंय, शिकायला त्यावर चार-पाच व्हर्च्युअल सर्व्हर (व्हीपीएस) काढायचेत. केव्हीएम घेऊ की एलएक्ससी? एकाच पीसीवर अनेक सर्व्हर चालवायच्या या दोन पद्धती.

पैशाचा प्रश्नच नाही, दोन्ही फुकट. खरी अडचण रॅमची. केव्हीएम 2007 पासून लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच आहे. तो प्रत्येक सर्व्हरला आख्खं मशीन भासवतो, स्वतःच्या कर्नलसकट. एकेकाला दीड जीबी दिली की पाचव्या सर्व्हरला पीसी दमतो. एलएक्ससीचे कंटेनर, म्हणजे सर्व्हरसारखे वेगळे कप्पे, होस्टचंच (मूळ पीसीचंच) कर्नल वापरतात, रिकामा कंटेनर अगदी थोडक्या रॅमवर भागतो आणि लगेच सुरू होतो.

पण सुरक्षेत केव्हीएम सरस. कर्नल सामायिक असल्यानं त्यातलं एक भोक सगळ्या कंटेनरना भोवू शकतं. म्हणून कंटेनर अनप्रिव्हिलेज्डच, म्हणजे होस्टवर खास अधिकार नसलेलेच बनवा. मग आतला रूट (सर्वाधिकारी युजर) बाहेर साधा युजर ठरतो.

केव्हीएमला बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू लागतं. जुन्या पीसीत ते बरेचदा बंद असतं, ते आधी बघा.

आपल्याकडे लाइन कधी जाईल नेम नाही, त्यामुळे ऑटोस्टार्ट, म्हणजे पीसी चालू झाला की सर्व्हर आपोआप सुरू व्हायची सोय, पहिल्याच दिवशी लावा. केव्हीएमला 'व्हर्श ऑटोस्टार्ट' ही कमांड, एलएक्ससीच्या कॉन्फिग फाइलीत 'एलएक्ससी डॉट स्टार्ट डॉट ऑटो'समोर 1. यूपीएस दोन्हींना हवाच.

या पोरानं एलएक्ससीच घ्यावं. विंडोज किंवा वेगळं कर्नल चालवायचं असेल, कुणा तिऱ्हाइताला सर्व्हर द्यायचा असेल, तर केव्हीएम. आणि मग रॅम सोळा जीबी करा.