डाउनीचे मॅकडोनल्ड्स : १९५३ ची खिडकी अजून उघडी आहे

लॉस एंजेलिसला जाणाऱ्यांनी डाउनी गावातले, लेकवुड बुलेवार्ड आणि फ्लोरेन्स अव्हेन्यूच्या चौकातले मॅकडोनल्ड्स आवर्जून पाहावे. १९५३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेले हे उपाहारगृह त्या साखळीतले आज उभे असलेले सर्वांत जुने आहे. छपरातून आरपार गेलेल्या दोन पिवळ्या कमानी, लाल-पांढऱ्या टाइल्स आणि रस्त्यालगत निऑन दिव्यांनी धावणारा 'स्पीडी' नावाचा आचारी पाहायला संध्याकाळी जावे.

मी तळलेला अ‍ॅपल पाय मागवला. अमेरिकेत इतर बहुतेक शाखांनी १९९२ मध्ये भाजलेला पाय स्वीकारला, इथे मात्र तो अजून तळतात. बुडबुडे आलेली खुसखुशीत पारी पाहून मला करंजीची आठवण झाली. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे, की अमेरिकेतल्या मॅकडोनल्ड्सच्या फ्रेंच फ्राइजमध्ये गोमांसाचा अर्क असतो.

खरे मोल आहे ते मागणी नोंदवण्याच्या खिडकीचे. युद्धानंतर कॅलिफोर्नियात मोटारी वाढल्या, तेव्हा उपाहारगृहांतल्या मुली मोटारीपर्यंत ताटे नेऊन देत. सॅन बर्नार्डिनोच्या मॅकडोनल्ड बंधूंनी १९४८ मध्ये चालता धंदा काही महिने बंद ठेवून त्या मुलींना, काचसामानाला आणि बहुतेक पदार्थांना रजा दिली. जेमतेम नऊ पदार्थ ठेवले आणि हॅम्बर्गर १५ सेंटला विकू लागले. पुढे स्वयंपाकघराचा आराखडा त्यांनी टेनिस कोर्टवर खडूने आखून कामगारांच्या हालचाली तपासल्या. कारखान्यातली शिस्त रसोईत आली आणि वाढप्याचे काम गिऱ्हाइकाने आपखुशीने स्वतःकडे घेतले. डाउनीत विमानांचे कारखाने होते. नव्या घरांतल्या पगारदार कुटुंबांना मुलांसह बाहेर खाणे यामुळे परवडू लागले. तरीही ही सुबत्ता सर्वांची नव्हती, हे इथे उभे असताना विसरू नये: अशा नव्या घरांसाठीची सरकारी हमीची गृहकर्जे कृष्णवर्णीयांना बहुधा नाकारली जात, आणि बंधूंकडून पुढे हा धंदा विकत घेणाऱ्या रे क्रॉक यांच्या साखळीत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत स्त्रियांना कामावर घेत नसत.

या शाखेचा करार थेट मॅकडोनल्ड बंधूंशी झालेला असल्यामुळे क्रॉक यांच्या कंपनीचे बदल इथे लागू झाले नाहीत आणि मूळ रूप टिकले. १९९४ च्या भूकंपानंतर इमारत पाडायचे घाटत होते. वारसाप्रेमींच्या आग्रहामुळे ती दुरुस्त होऊन १९९६ मध्ये पुन्हा उघडली. त्याच वर्षी वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर मुंबईचे पहिले मॅकडोनल्ड्स सुरू झाले होते. तिथे रांगेत उभे राहिलेल्या आपल्या पिढीने डाउनीची ही खिडकी पाहायलाच हवी, आणि शेजारच्या छोट्या संग्रहालयासाठी अर्धा तास राखून ठेवावा.