एनडी ६४ फिल्टर, हरवळ्याच्या धबधब्यावर वापरून बघितला
पणजीतल्या एका दुकानातून सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काळसर काच) घेतला आणि गेल्या रविवारी साखळीजवळ हरवळ्याला, रुद्रेश्वराच्या देवळाजवळ धबधबा आहे ना, तिथेच पहिल्यांदा लावला. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, सहा स्टॉप म्हणजे ६४ पट कमी, तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि एफ ८ (लेन्सचं छिद्र) ला शटर १/६० सेकंद उघडं राहत होतं ते थेट १ सेकंदावर आलं आणि पाणी दुधाच्या सायीसारखं मऊ, खरंच मन भरून आलं! फोकस मात्र फिल्टर लावायच्या आधी करून मॅन्युअलवर टाका, ट्रायपॉड आणि २ सेकंदांचा टायमर हवाच. मला स्वतःला एफ ५.६ ला अर्धा सेकंद जास्त आवडला, कारण धारा वेगवेगळ्या दिसतात, फार लांबवलं की नुसता पांढरा पट्टा होतो. तक्रार एकच, रंग निळसर येतो, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, नंतर सुधारावा लागतो. पावसात तुषार एवढे उडतात की काचेवर थेंब बसून फोटोत धुरकट डाग येतात, म्हणून सुकं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, खिशातलं पाच मिनिटांत भिजतं.