गच्चीला चुना, आणि मलाही

आकडा आधीच सांगतो, हसायचं ते हसून घ्या. १,३६,५०० रुपये. खोलीच्या बांधकामाचे ५,०३,५०० वेगळे, हे फक्त 'ग्रीन पॅकेज'चे. राखेच्या विटांचे जास्तीचे ३१,०००, 'ई-झिरो' (गोंदातून कमीत कमी वायू सोडणाऱ्या) प्लायचे ४८,५००, बिनवासाच्या रंगाचे ३५,००० आणि गच्चीवरच्या ऊन परतवणाऱ्या 'कूल रूफ' लेपाचे २२,०००.

आईला दमा आहे. खाली रस्त्याची धूळ, म्हणून नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरावर तिच्यासाठी एक खोली काढली. नवा रंग, नवं कपाट, कशाचाच वास तिला सोसत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. "साहेबांना पर्यावरणाचा पुळका आला होता" असं आता नातेवाईक म्हणतात. पुळका नव्हता, आई होती.

ठेकेदार त्याच नातेवाइकांपैकी एकानं सुचवलेला, हे ते विसरतात. त्यानं लॅमिनेशन केलेला, हिरव्या पानाचा कागद दाखवला, 'गृहा'चं, म्हणजे पर्यावरणपूरक बांधकामाचं, रेटिंग आहे म्हणाला. गृहाचं रेटिंग इमारतीला मिळतं, ठेकेदाराच्या बॅगेला नाही. हे मी पैसे दिल्यावर वाचलं. "भाऊ, आईचा विषय आहे, पैशाकडे नका पाहू," म्हणाला. नाही पाहिलं.

विटा तेवढ्या खऱ्या निघाल्या. पण कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख उशाशी असलेल्या या शहरात राखेच्या विटा जिथं तिथं लागतात. त्याला 'ग्रीन' म्हणून जास्तीचे ३१,००० कशाचे?

आता तो दिवस. भिंतींना लो-व्हीओसी, म्हणजे वाळताना कमी रसायनं हवेत सोडणारा रंग, आणि दारं-खिडक्यांना पाण्यात कालवायचा इनॅमल, असं कोटेशनमध्ये लिहिलं होतं. माझ्या फोनमध्ये अजून आहे. डबे आले तेव्हा एकाच्या काठाला वाळका गुलाबी रंग चिकटलेला. आमच्या खोलीत गुलाबी कुठंच नव्हता. मी तो नखानं खरवडलासुद्धा. मग रंगारी म्हणाला, "बाबूजी, दोन लिटर तारपीन आणून द्या, दारं उरकतो." आणि मी गेलो! स्वतःच्या स्कूटरवर, स्वतःच्या ३४० रुपयांचं तारपीन आणायला. दुकानदारानं विचारलं, "ऑइल पेंट चालू आहे का?" मी छाती काढून सांगितलं, "नाही, वॉटर बेस. ग्रीनवाला." त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुटे मोजत बसला. त्या माणसाला तेव्हाच कळलं होतं. पाण्याच्या रंगात तारपीन कशाला, हे दहावीतलं पोरगंही विचारेल. माझ्या डोक्यात मात्र दुपारचे दोन, मार्चचं ऊन आणि ऑफिसची अर्धी सुट्टी, एवढंच.

पुढचं झटपट सांगतो. मे महिन्यात पारा ४५ वर गेला आणि कपाट उघडलं की डोळे चुरचुरायला लागले. प्लायच्या गोंदातलं फॉर्मल्डिहाइड, म्हणजे डोळ्यांना झोंबणारा वायू, उष्णतेनं जास्त सुटतं. तिसऱ्या रात्री आईला नेब्युलायझर लावावा लागला. ओळखीच्या सुताराला बोलावलं, तर त्यानं 'ई-झिरो'चं स्टिकर नखानं उचललं आणि खाली साध्या एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे दमटपणा सोसणारं) ग्रेडचा शिक्का निघाला. जूनच्या पहिल्या पावसात तर पन्हाळीतून दुधासारखं पाणी शेजाऱ्यांच्या तुळशीवर पडलं. २२,०००चं कूल रूफ म्हणजे चुना होता. चुन्यानंही गच्ची थोडी थंड राहते, पण तो मी हजार-दोन हजारांत स्वतः मारला असता.

पोलीस ठाण्यात गेलो. "रंग भिंतीला लागला ना? मग फसवणूक कशी?" हा पहिला प्रश्न. दुसऱ्या वेळी, हे दिवाणी मॅटर आहे. तिसऱ्या वेळी साहेब सुट्टीवर. चौथ्यांदा डिसेंबरात गेलो तर अधिवेशनाचा बंदोबस्त. जणू अधिवेशन संपेपर्यंत नागपुरात कुणी कुणाला फसवत नाही. एका दुसऱ्या सरकारी ऑफिसात प्लायचा तुकडा नेला, तर बाई म्हणाल्या, "हा इथं कशाला आणला?" मग कुठं न्यायचा? ते त्यांना माहीत नाही. टेबलावर फक्त एकच मागणी, पक्कं बिल दाखवा. आणि ते माझ्याकडे नाही, कारण "कच्च्यात घ्या, अठरा टक्के वाचतात" हे मी ऐकलं होतं. शेवटचे ५०,००० तर रोख दिले. मजूर लग्नाला छिंदवाड्याला निघालेत म्हणे, मला त्यांची दया आली. तुम्हीही दिले असते.

आयएसआय शिक्क्याखालचा लायसन्स नंबर 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून बघा, स्टिकरवर जाऊ नका. रंगाचं सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. आणि रिकामे डबे रंगाऱ्याला द्यायचे नाहीत. खिळ्यानं भोकं पाडा, नाहीतर तेच डबे भंगारातून भरून माझ्यासारख्याच्या दारात येतात. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भागांच्या) वर नको, हा नियम २०१७ पासून आहे. बिनबिलाच्या डब्याला तो कोण लावणार? ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षं. माझं वकिलाकडे चालू आहे, फोनमधलं कोटेशन आणि बँकेतून गेलेल्या रकमा, एवढ्यावर.

आई खाली हॉलमध्येच झोपते. वरच्या खोलीत कपडे वाळतात.

परवा ठेकेदाराच्या स्टेटसवर बेसा रोडकडच्या एका घराचा फोटो होता, 'इको होम, काम सुरू'. कोपऱ्यात तसेच डबे रचलेले. ते घर तुमचं असेल तर आज संध्याकाळी जाऊन डब्यांच्या कडा बघा. गुलाबी रंग असेल तर तो माझ्या वेळचाही असू शकतो.