शेजारच्या सियाजमुळे विकली गेलेली सिटी

पुण्यात फेब्रुवारी २०२४मध्ये झालेल्या जुन्या गाडीच्या एका सौद्याची ही हकीकत. विकणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं नाव इथे दिलेलं नाही. फसवण्याची रीत मात्र पूर्ण दिली आहे, कारण याच रीतीने आजही गाड्या विकल्या जातात.

यार्डात दोन गाड्या दाखवल्या. दोन्ही २०१६च्या, पेट्रोल, मॅन्युअल, पहिल्या मालकाच्या. मारुती सियाज ९१,००० किलोमीटर चाललेली, ५ लाख १० हजारांना. होंडा सिटी ४६,००० चाललेली, ६ लाख १५ हजारांना. सियाजच्या मागच्या दाराला ओरखडा, स्टिअरिंग गुळगुळीत झालेलं, पुढचे टायर उतरलेले. सिटी पॉलिश मारून लखलखीत, सीटला नवी कव्हरं. एकीकडे निम्मं रनिंग दिसत असताना लाखभर जास्त मोजायला कुणालाही पटतं, तसं त्या कुटुंबालाही पटलं. तीन आठवड्यांनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर टाकल्यावर शेवटची नोंद निघाली: ऑगस्ट २०२१, १,१२,६४० किलोमीटर.

मीटर मागे घेणं अवघड राहिलेलं नाही. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाला यंत्र जोडायची जागा) यंत्र लावून, किंवा मीटर काढून त्यातल्या मेमरी चिपवर नवा आकडा लिहून हे काम होतं. डिजिटल आकडा आहे म्हणून तो खरा, ही समजूत सोडून द्या.

या सौद्यात मोठी चूक झाली ती तुलनेची. ९१,००० किलोमीटरला गाडी कशी दिसते, हे सांगणारी सियाज शेजारीच उभी होती. ज्या भागांना कुणी पॉलिश लावत नाही, ते भाग दोन्हींत ताडून पाहायला हवे होते. सिटीच्या सीटचं कव्हर वर करून दाराकडच्या कडेचा फोम दाबला असता तर तो सियाजइतकाच बसलेला लागला असता. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर कोरं करकरीत होतं. ४६,००० किलोमीटरला हे रबर सहसा बदलावं लागत नाही, म्हणजे कोरं रबर हाच संशयाचा धागा. ब्रेक डिस्कच्या बाहेरच्या कडेवरून नख फिरवायचं. कंगोरा जितका उंच, तितकी डिस्क झिजलेली.

टायर तर स्पष्ट बोलत होते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सिटीच्या चारही टायरवर ३५२० होतं, म्हणजे २०२०चा पस्तिसावा आठवडा. त्यांची नक्षी जेमतेम अडीच मिलिमीटर उरली होती; कायद्याने १.६ ही शेवटची मर्यादा. कंपनीतून आलेला संच २०२०पर्यंत कधीच संपला होता आणि हाही संपत आलाय. एक संच साधारण ४० ते ५० हजार किलोमीटर जातो. निदान दोन संच खाऊन गाडी ४६,००० वर कशी राहील?

अपघातही लपवलेला होता, आणि तो चक्क विम्याच्या कागदावर दिसत होता. जून २०२३ला सुरू झालेल्या पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ३५ टक्के होता. हा बोनस दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. पहिल्या मालकाने २०१६पासून क्लेम घेतला नसता तर तो केव्हाच ५० झाला असता. ३५ म्हणजे मागची तीनच वर्षं कोरी, क्लेम २०१९-२० सालातला. आता ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. मुळाशी शिवलेल्या पट्टीवर बेल्ट बनल्याची तारीख नोव्हेंबर २०१९, बाकीच्या बेल्टवर २०१६. समोरून जोरात धडक बसली की एअरबॅगसोबत हा बेल्टही बदलावा लागतो. उजव्या फेंडरच्या (पुढच्या चाकावरचा पत्रा) बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला होता. पेंट मोजायचं यंत्र डाव्या फेंडरवर ११० मायक्रॉन दाखवत होतं आणि उजव्यावर २९०. कंपनीचा रंग साधारण ९० ते १४०च्या आसपास असतो. ५००च्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे असं समजावं. (बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे हा हिशेब एकाच मालकाच्या गाडीला लागू पडतो.)

ट्रायलच्या वेळी सिटीचं बोनेट गरम होतं, तेव्हाच थांबायला हवं होतं. थंड इंजिन सुरू करताना निघणारा निळा धूर, इंजिनातल्या चेनची खडखड, मेलेली बॅटरी हे सगळं आधीच गरम केलेल्या इंजिनात झाकलं जातं. सकाळी आधी न सांगता जा आणि बोनेटवर हात ठेवून पाहा.

चिपळूण आणि महाडला जुलै २०२१च्या पुरात बुडालेल्या गाड्यांची वेगळी तपासणी लागते: सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ, हिरवट पडलेले वायरिंगचे कनेक्टर.

टोकन देण्याआधी मालकाला सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण नोंद छापून घ्या. मालक फोनवरही येत नसेल तर गाडी सोडा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या जागा ठेवून सही करू नका.

या कुटुंबाच्या पावतीवर 'जशी आहे तशी' एवढंच छापलेलं होतं, किलोमीटरचा उल्लेख नव्हता. तुमच्या पावतीवर गाडीचा नंबर, तारीख आणि 'मीटरवरील अमुक किलोमीटर खरे असून गाडीला मोठा अपघात झालेला नाही' असं हाताने लिहून विक्रेत्याची सही घ्या. असं लिहायला तो कचरला तर टोकन खिशातच राहू द्या. पैसे गेलेच असतील तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे. त्या कुटुंबाकडे पुरावा म्हणून सर्व्हिस सेंटरची नोंद आहे आणि जाहिरातीचा एक स्क्रीनशॉट, जो मुलीने गाडीचा रंग आवडला म्हणून काढून ठेवला होता. त्यात ४६,००० हा आकडा स्वच्छ वाचता येतो.