फ्रेमचं काम एक नंबर, पण प्रूफ तुम्हीच वाचा राजेहो

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून तालुका 18 किमी, तिथं बसस्टँडमागच्या गल्लीत फ्रेम, फ्लेक्स, मोमेंटो सगळं करणारे एक भाऊ आहेत. नाव नाही टाकत, कारण तक्रार आहे अन् माणूस चांगला आहे. 10 डिसेंबरला मानवी हक्क दिन असते, त्या दिवशी गावच्या वाचनालयात गोपाळबाबा वलंगकरांचा फोटो लावायचा अन् गावातल्या दोन रिटायर फौजी काकांचा सत्कार करायचा असं ठरलं होतं. ऑर्डर म्हणजे 18 बाय 24 इंचाची फ्रेम, 6 बाय 3 फुटाचा फ्लेक्स, दोन मोमेंटो.

आता फुले, शाहू, बाबासाहेब, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज हे सगळे त्यांच्या भिंतीवर रेडी लटकून असतात. वलंगकर म्हटलं तर भाऊ म्हणे, "हे कोण बा? इकडचे होय का?" म्हटलं नाही, कोकणातले, महाडकडचे. इंग्रजांच्या पलटणीत होते, 1886 ला पेन्शनवर आले अन् मग घरी बसायचं सोडून शिवाशिवीच्या मागे लागले, फुल्यांचे विचार डोक्यात, 'दीनबंधू' पेपरात लिहायचे, 1888 ला अस्पृश्यतेवर पुस्तिकाच काढली. तिकडे इंग्रजांनी महारांची फौजेतली भरती बंद केली तर 1894 ला ह्या म्हाताऱ्यानं अर्ज लिहिला की आमची भरती परत सुरू करा. लग्नाचा फ्लेक्स न्यायला आलेला एक जण मधातच म्हणे, "पेन्शन चालू असतानी कायले झगडे करावं माणसानं?" त्याले काय सांगाव! पुढच्याच वर्षी त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर घेतलं तर तिथल्या सवर्णांना तेही खपलं नाही, अन् त्याच महाडात 1927 ला बाबासाहेबांचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हे सांगेपर्यंत तो गडी पावती घेऊन गेला पण.

तर मुख्य गोष्ट फ्रेम. एकदम मस्त. सागवानी रंगाची दीड इंची पट्टी, कोपरे असे जुळवले की नख जात नाही, मागून हार्डबोर्ड, एका हुकाऐवजी दोन हुक अन् तार (वाचनालयाची भिंत मातीची आहे हे मी सांगितलं होतं, त्यांनी लक्षात ठेवलं). काचेऐवजी फायबर घ्या म्हणे, मोटरसायकलवर न्यायचं आहे ना तुम्हाले. 850 रुपये घेतले, वर्ध्याला हजाराच्या खाली कोणी बोलत नव्हतं.

घोळ फ्लेक्सचा. दिवस लग्नसराईचे, कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा नवा, त्याच्या कानावर "फौजी" एवढंच पडलं असावं. घ्यायला गेलो तर बाबांच्या चेहऱ्याखाली आजची ठिपक्याठिपक्याची वर्दी, मागे रणगाडा, छातीवर परमवीर चक्र! बाबा गेले 1900 साली, परमवीर चक्र सुरू झालं 1950 ला. वरून नाव छापलं "गोपालबाबा वालचंदकर". मला हसू बी येऊन रायलं अन् राग बी, कारण प्रूफ व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणून मी तीनदा बोललो होतो अन् "हौ, पाठवतो" याच्यापुढं काही आलंच नाही.

पण भाऊंनी वाद नाही घातला. पोराला उठवलं, स्वतः बसले, मला बाजूला खुर्ची दिली, चहा सांगितला अन् एकेक अक्षर विचारून दुरुस्त केलं. मीच म्हटलं वर्दीचा नादच सोडा, साधा चेहरा ठेवा अन् खाली लिहा "सैनिक, नंतर जन्मभर माणूसपणासाठी लढणारे". दुसऱ्या प्रिंटचे पैसे घेतले नाही, 15 रुपये फुटाने 270 तेवढेच. मोमेंटो मात्र ठीकठाकच, वरचा सोनेरी रंग बोटाला लागते, 350 च्या मानानं नाही जमला, पुढच्या वेळी मी शाल-पुस्तकच देईन.

कार्यक्रम झाला चांगला. सत्कारातले एक काका महार रेजिमेंटचे, सागरला ट्रेनिंग झालेलं. त्यांना रेजिमेंट 1941 ला उभी झाली हे तोंडपाठ, पण 1894 चा अर्ज ठाऊक नव्हता. फ्रेमजवळ चष्मा लावून बराच वेळ उभे होते, मग म्हणाले, "आमच्या ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नाही बा हे." त्यांना फोटोची एक छोटी कॉपी पाहिजे म्हणून मी परत त्याच दुकानात चाललो आहे सोमवारी, म्हणजे समजून घ्या.

पाचपैकी साडेतीन. जायचं तर सकाळी अकराच्या आत जा, प्रूफ समोर बसून वाचा अन् नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या. तो चुकलेला फ्लेक्स त्यांनी फुकटच देऊन टाकला. बाबांच्या चेहऱ्याचा भाग कापून वाचनालयात ठेवला, राहिलेला रणगाडा सध्या आमच्या तुरीच्या गंजीवर आहे.