12 शनिवारांचा आत्मिक वाढीचा वर्ग, ठाणे : जुन्या मेंबरांनी आधी नाव द्या

मी 19 वर्षं एकाच चर्चची मेंबर आहे, क्वायरमध्ये गाते, हार्वेस्टच्या, म्हणजे पिकांबद्दल आभार मानायच्या सणाच्या, ऑक्शनला उभी असते, महिला मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे उपासनेनंतर या वर्गाची अनाउन्समेंट झाली तेव्हा मला खरंच वाटलं की हे नवीन बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असेल. नाव दिलं ते भाचीला एकटीला जायला नको वाटत होतं म्हणून. आता सगळे 12 शनिवार झालेत आणि मंडळातल्या तिघी-चौघींनी विचारलं कसं होतं, तर एकदाच नीट लिहिते.

वर्ग घोडबंदर रोडच्या बाजूला एका चर्चच्या हॉलमध्ये असतो, संध्याकाळी 6 ते 8, फी 350 रुपये, त्यात फाइल आणि चहा-बिस्किटं. एका गटात आठच जण घेतात. शिकवायला एक रिटायर्ड हायस्कूलचे सर आणि एक नर्सबाई, त्याही रिटायर्ड. घरी रोज 15 मिनिटं ठरलेला उतारा वाचायचा आणि वहीत दोन ओळी तरी लिहायच्या, एवढाच होमवर्क.

पहिला अर्धा तास शिकवणं नसतंच. बाई एकेकाला नाव घेऊन विचारतात की हा आठवडा देवासोबत कसा गेला. तिसऱ्या शनिवारी माझा नंबर आला, मी सांगितलं की क्वायरची प्रॅक्टिस होती, मग हार्वेस्टची मीटिंग, मग आजारी मेंबरांच्या घरी भेटी. बाई म्हणाल्या, "ते चर्चचं काम झालं ताई, मी तुमचं विचारतेय." आणि गप्प बसल्या. कोणीच मध्ये बोललं नाही. मला आठवेना की जेवणाआधीची प्रार्थना सोडून मी शेवटची कधी देवाशी बोलले होते. रिक्षात बसून घरी येताना मी रडले, भाचीने काही विचारलं नाही, नुसता हात धरून बसली.

सरांनी पुढच्या वेळी सांगितलं की ही पद्धत त्यांची नाही. 1742 साली इंग्लंडच्या ब्रिस्टलमध्ये, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं, ते फेडायला दर मेंबराकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायची ठरली, साधारण 12 जणांमागे एक पुढारी, आणि हे पुढारी घरोघरी पैसे आणायला गेले तेव्हा त्यांना कळलं की कोणाच्या घरी काय चाललंय, कोण दारूत बुडालाय, कोणाचं भांडण आहे. मग पेनीबरोबर आत्म्याची पण चौकशी सुरू झाली. मला हे फार पटलं, कारण आमच्याकडे वर्गणीची पावती घेऊन घरी येणारे आहेत पण दार उघडल्यावर बसून विचारणारं कोणी नाही, आणि त्या पावत्या वाटणाऱ्यांत मी स्वतः आहे.

सगळ्यात चांगला शनिवार लावदिकियाचा, हे आजच्या तुर्कस्तानातलं जुनं शहर. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात, तिथल्या मंडळीला तू उष्ण नाहीस, थंड नाहीस, कोमट आहेस असं म्हटलंय, ते मी लहानपणापासून ऐकलंय, आणि कायम असं समजत आले की उष्ण म्हणजे चांगला ख्रिस्ती, थंड म्हणजे वाईट आणि कोमट मधला. सरांनी नकाशा काढला. लावदिकियाच्या एका बाजूला हियरापोलिस, तिथे गरम पाण्याचे झरे, दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिथे थंडगार पाणी. सर म्हणाले आपल्या गणेशपुरी-वज्रेश्वरीची कुंडं डोळ्यासमोर आणा, गरम पाण्याने सांधे मोकळे होतात, थंड पाण्याने तहान भागते, दोन्ही कामाचीच. लावदिकियाला मात्र पाणी लांबून नळाने यायचं, कोमट आणि क्षारांचं, आजही तिथे सापडलेल्या पाइपांत पांढरा थर दिसतो. हॉलमधल्या सगळ्यांना लगेच कळलं कारण आमच्या सोसायट्यांत टँकरचं पाणी येतं आणि गीझरच्या कॉइलवर तोच थर बसतो. म्हणजे प्रश्न किती तापलाय हा नाहीच, कोणाच्या उपयोगाचं आहे का हा आहे. आणि ते शहर पैशाने इतकं भक्कम की इसवी सन 60 च्या सुमारास भूकंपात पडलं तर रोमची मदत न घेता स्वतःच परत उभं केलं, त्यामुळे आम्हाला काही कमी नाही हे त्यांच्या हाडात भिनलेलं. माझ्या पण.

ठाण्याचं एक सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. 1321 साली इथे, आपल्या ठाण्यात, चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले कॅथलिक साधू, विश्वासासाठी मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती. मी तलावपाळीवरून हजार वेळा गेले असेन, आणि पावसाचं कारण सांगून बुधवारची प्रार्थनासभा चुकवते.

आणखी एक आवडलं. उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातली ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं चाल न लावता नुसती वाचायला लावली, हळू, एकेक ओळ. मी ती इतकी वर्षं सूर सांभाळत गात आले, शब्दांकडे लक्ष कधी गेलंच नव्हतं.

मत्तय 5:23-24, म्हणजे अर्पण वाहण्याआधी जाऊन भावाशी समेट कर, या वचनाच्या आठवड्यानंतर मी सांगलीला जाऊबाईंना फोन केला. घराच्या वाटणीवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. फोनवर काही मिटलं नाही, त्या एवढंच म्हणाल्या की "बरं केलंस फोन केलास." पण त्या रविवारी प्रभुभोजनाला पुढे जाताना पाय जड नव्हते.

आता जे खटकलं ते. सहाव्या आणि सातव्या शनिवारी इंग्लिश व्हिडिओ लावला, खाली मराठी नाही, आमच्यातल्या दोन आजींना काही समजलं नाही आणि त्या बिचाऱ्या तशाच बसून राहिल्या, हे चालणार नाही, सरांना इतकं छान बोलता येतं तर व्हिडिओ कशाला. झेरॉक्सचं मराठी पण जागोजागी अडखळणारं. दशांशावर, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देण्यावर, पूर्ण दोन तास घेतले आणि क्षमेवर जेमतेम वीस मिनिटं, हे उलटं पाहिजे होतं. लहान मुलांना सांभाळायची सोय नाही म्हणून एक तरुण जोडपं आलटून पालटून येत होतं, दोघांना अर्धाच वर्ग मिळाला. आणि 12 व्या शनिवारी सर्टिफिकेट देऊन संपलं, पुढे काय ते कोणी बोललंच नाही. बायबलमध्ये इब्री 5:12 ला लिहिलंय की एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला पाहिजे होतात आणि अजून तुम्हाला दूधच लागतंय, तर मग आम्हाला पुढच्या गटात चहा ओतण्यापलीकडे काहीतरी काम द्या ना. मी हे बाईंना तोंडावर सांगितलं, त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच घ्या की चार बायका." तर आता दर गुरुवारी दुपारी आम्ही पाच जणी माझ्या घरी बसतो, पहिला प्रश्न तोच, आणि विचारल्यावर गप्प बसणं मला अजून जमत नाही, लगेच बोलावंसं वाटतं.

माझ्याकडून पाचापैकी चार स्टार. पुढची बॅच ईस्टरनंतर आहे, जागा पटकन भरतात. शनिवारी घोडबंदरला ट्रॅफिक असतो, पाचलाच निघा. बायबल स्वतःचं न्या, मोठ्या अक्षराचं असेल तर बरं, हॉलमधल्या ट्यूबलाइट मंद आहेत.